अट कधी तपासायची?

जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण ४५ मीटर व्यासाच्या ३० बशांची आहे. त्यांतल्या १४ मधल्या चौकात दाटीने उभ्या आहेत, उरलेल्या १६ तीन भुजांवर विखुरल्या आहेत आणि हा सगळा पसारा सुमारे २५ किलोमीटरचा आहे. बशीचा पृष्ठभाग तारेच्या जाळीचा असतो आणि निरीक्षण कोणतेही असो, तो तोच राहतो. बदलतो तो बशीने गोळा केलेल्या लहरी टिपणारा फीड. प्रत्येक बशीच्या वर चार पायांवर तोललेला एक फिरता सांगाडा आहे आणि त्याच्या चार तोंडांवर चार वेगवेगळ्या पट्ट्यांचे फीड बसवलेले आहेत. आज हे पट्टे साधारण १२० ते २५०, २५० ते ५००, ५५० ते ८५० आणि १०५० ते १४५० मेगाहर्ट्झचे आहेत. संशोधकाने आपल्या कामासाठी पट्टा मागितला की सांगाडा फिरतो, हवा तो फीड बशीसमोर येतो आणि मग निरीक्षण सुरू होते.

जावामध्ये वेब अ‍ॅप्लिकेशन लिहिणारा ही रचना लगेच ओळखेल. त्याच्याकडे बशीच्या जागी असतो व्यवहाराचा मूळ कोड: अर्ज घेणारा, पावती देणारा, नोंद करणारा. या कोडला काही कामांसाठी मदतनीस घटक लागतात. कोणी एसएमएस पाठवायचा, कोणी पैसे स्वीकारायचे, कोणी फाइल साठवायची. मूळ कोडने हे घटक स्वतः घडवायचे नाहीत, ‘सूचना पाठवणारा कोणीतरी द्या’ एवढीच मागणी करायची आणि पुरवठ्याचे काम कंटेनर नावाच्या वेगळ्या यंत्रणेवर सोपवायचे, याला डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात. एकाच कामाचे दोन-चार पर्यायी घटक तयार ठेवून त्यांतला कोणता पुरवायचा हे कॉन्फिगरेशन फाइलमधल्या एका ओळीवरून ठरवले, की ते झाले सशर्त इंजेक्शन.

हे तंत्र उपयोगाचे आहे याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्याच्या हद्दीचा. यंत्रणा कोणत्या परिस्थितीत चालते आहे हे ठरवण्यासाठी अशी अट चोख काम करते. समोरच्या माणसाला काय मिळणार हे ठरवण्यासाठी मात्र ती जागा चुकीची आहे, आणि सार्वजनिक कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही हद्द सहज ओलांडली जाऊ शकते. हे समजून घ्यायला जुन्नर आणि आंबेगाव यांच्याइतके चांगले तालुके क्वचित सापडतील. कारण इथे एका तालुक्यात दोन कायदेशीर व्यवस्था नांदतात, एका बाजार समितीत दोन मापे चालतात आणि एकाच दाव्याला दोन तारखा असू शकतात.

या तंत्राचा इतिहास फार जुना नाही. रॉड जॉन्सन यांनी २००२ साली जावाच्या तेव्हाच्या अवजड पद्धतीवर टीका करणारे पुस्तक लिहिले आणि त्याच्याबरोबर दिलेल्या कोडमधून स्प्रिंग ही चौकट जन्मली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती मार्च २००४ मध्ये आली. त्याच वर्षी जानेवारीत मार्टिन फाउलर यांनी एका लेखात या पद्धतीला डिपेंडन्सी इंजेक्शन हे नाव रूढ केले होते. घटक निवडण्याची अट सुरुवातीला लोक आपापल्या परीने लिहीत. २०११ च्या अखेरीस स्प्रिंग ३.१ मध्ये ‘प्रोफाइल’ आले: विकासासाठी एक संच, चाचणीसाठी दुसरा, प्रत्यक्ष वापरासाठी तिसरा. डिसेंबर २०१३ च्या स्प्रिंग ४.० ने ‘कंडिशनल’ ही सर्वसाधारण खूण दिली आणि एप्रिल २०१४ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूटने आपली जवळजवळ सगळी इमारत तिच्यावरच उभारली. एखादी लायब्ररी प्रकल्पात जोडली की तिचे घटक आपोआप तयार होतात, ती या अटींची करामत आहे.

आता ही अट जवळून पाहू. जावामध्ये क्लासचे नाव देवनागरीत लिहिले तरी कंपायलरची हरकत नसते, म्हणून उदाहरणापुरता ‘सूचनासेवा’ नावाचा इंटरफेस धरू. त्याचे दोन क्लास आहेत. एक खराखुरा एसएमएस पाठवतो, दुसरा तोच मजकूर फक्त लॉगमध्ये लिहितो. पहिल्यावर ‘कंडिशनल-ऑन-प्रॉपर्टी’ ही खूण लावायची आणि तिच्यात प्रॉपर्टीचे, म्हणजे कॉन्फिगरेशनमधल्या त्या ओळीचे, नाव व अपेक्षित किंमत लिहायची. अ‍ॅप्लिकेशन सुरू होताना कंटेनर ती प्रॉपर्टी शोधतो. किंमत जुळली तर घटक, म्हणजे बीन, तयार होतो. नाही जुळली तर तो क्लास जणू लिहिलाच नव्हता. चाचणीच्या सर्व्हरवरून शेतकऱ्यांच्या मोबाइलवर खोटे संदेश जाऊ नयेत, यासाठी याहून सोपी व्यवस्था नाही.

सोपेपणाच्या पोटात बारकावे आहेत आणि ते ठाऊक नसले की गाडी अडते. प्रॉपर्टी सापडलीच नाही तर अट फसली असे धरले जाते. ‘नसेल तरी चालेल’ असे वेगळे सांगितले असेल तरच घटक तयार होतो. त्यामुळे नावात एक अक्षर चुकले, तर चूक झाली असे कोणी सांगत नाही, घटक मुकाट्याने गायब होतो. अपेक्षित किंमत लिहिलीच नसेल तर ‘फॉल्स’ सोडून कोणतीही किंमत होकार मानली जाते. म्हणजे साध्या प्रॉपर्टी फाइलमध्ये कोणी ‘नो’ हा शब्द इंग्रजीत लिहिला, तर सेवा चालू होते. तोच शब्द यॅमल फाइलमध्ये अवतरणाशिवाय लिहिला तर वाचक प्रणाली त्याचे ‘फॉल्स’ करते आणि सेवा बंद राहते. शब्द एकच, हेतूही एकच, आणि फाइलच्या प्रकारावरून निकाल उलटा.

मराठी कामासाठी आणखी एक खाच आहे. जावाच्या प्रॉपर्टी फाइली परंपरेने लॅटिन-१ या जुन्या अक्षरसंचात वाचल्या जातात आणि स्प्रिंग बूटनेही ती परंपरा बराच काळ पाळली. अशा फाइलमध्ये अपेक्षित किंमत म्हणून ‘घोडेगाव’ असे देवनागरीत लिहिले, तर कंटेनरच्या हाती अक्षरांचा चुरा येतो आणि तुलना कधीच जुळत नाही. यॅमल फाइल यूटीएफ-८ मध्ये वाचली जाते म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही, पण मग दुसरा उभा राहतो. ‘ऱ’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवता येते, ‘ॲ’ सुद्धा दोन प्रकारे. पडद्यावर एकसारखी दिसणारी दोन गावांची नावे संगणकाच्या लेखी वेगळी असू शकतात. गावाच्या नावावर अट बांधणे त्यामुळेच धोक्याचे. केंद्रीय पंचायतराज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला स्वतंत्र अंकी कोड आहे. अट बांधायचीच तर त्याच्यावर बांधावी.

हे बारकावे शिकता येतात. मूळ प्रश्न त्यांच्या पलीकडचा आहे: ही अट तपासली जाते कधी? सर्वसाधारणपणे एकदाच, अ‍ॅप्लिकेशन सुरू होताना. त्यानंतर सर्व्हर महिनाभर चालला तरी ती पुन्हा पाहिली जात नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट ३.० पासून जावा अ‍ॅप्लिकेशनचे थेट यंत्रभाषेत रूपांतर करण्याची सोय अधिकृत झाली. त्या मार्गाने गेले तर घटक असावा की नसावा हे बिल्ड करतानाच ठरून जाते; नंतर सर्व्हरवर प्रॉपर्टी बदलून उपयोग होत नाही. एसएमएस सेवेसाठी हे सगळे ठीक आहे. सर्व्हर चाचणीचा आहे की प्रत्यक्ष वापराचा, हे अर्जागणिक बदलत नाही.

अर्जागणिक जे बदलते त्याचे काय, हे पाहायला नारायणगावला जावे.

जुन्नर कृषी उत्पन्न बाजार समितीचा टोमॅटोचा मोठा उपबाजार नारायणगावात आहे. तिथे भाव बोलला जातो तो २० किलोच्या क्रेटला. त्याच समितीच्या ओतूर आणि आळेफाटा उपबाजारांत कांद्याचा लिलाव होतो आणि तिथे भाव बोलतात दहा किलोला. नाशिक जिल्ह्यात लासलगावला गेले की तोच कांदा क्विंटलवर बोलला जातो. पुण्यात बसून राज्यभरच्या बाजार समित्यांसाठी एक वेब अ‍ॅप्लिकेशन लिहिणाऱ्या टीमच्या मनात पहिल्यांदा काय येईल? प्रत्येक समितीसाठी एक कॉन्फिगरेशन, त्यात मापाची एक प्रॉपर्टी, आणि तिच्यावरून ‘क्विंटल-हिशेब’ किंवा ‘दहाकिलो-हिशेब’ यांपैकी एक घटक. लासलगावात हे चालून जाईल. जुन्नरला पहिल्याच दिवशी फसेल. समिती एक असली तरी माप शेतमालावरून ठरते आणि टोमॅटोची नोंद व कांद्याची नोंद एकाच सर्व्हरवर, एकाच मिनिटाला येऊ शकते. सर्व्हर सुरू होताना निवडलेला एकच हिशेब दोघांना पुरत नाही. चूक झाली तर ती बारीकही नसेल: २० किलोच्या क्रेटचा भाव दहा किलोचा म्हणून नोंदला गेला, तर अहवालातला दर दुप्पट दिसेल आणि तोच आकडा पाहून उद्या माल कुठे न्यायचा हे कोणी शेतकरी ठरवेल.

बाजारातल्या चुकीची किंमत रुपयांत मोजता येते. डोंगराकडे सरकले की प्रश्न हक्काचा होतो. आंबेगाव तालुक्याचे मुख्यालय घोडेगाव. पूर्वेला पुणे-नाशिक रस्त्यावरचे मंचर आणि त्याच्या भोवतीचा बागायती पट्टा, पश्चिमेला डिंभे धरणाचे पाणी आणि भीमाशंकरच्या रांगा. जुन्नरचेही तसेच: पूर्वेला नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, पश्चिमेला नाणेघाटाकडची गावे. पश्चिमेच्या या पट्ट्यात महादेव कोळी समाजाची मोठी वस्ती आहे आणि दोन्ही तालुक्यांतली काही गावे १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू होतो, राज्याचे २०१४ चे पेसा नियम लागू होतात आणि ग्रामसभेला इतर गावांपेक्षा वेगळे अधिकार मिळतात. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट गावाकडे जाण्याची तरतूदही याच क्षेत्रापुरती आहे. घोडेगावात एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे ते याच पट्ट्यामुळे.

अशा तालुक्यासाठी ग्रामपंचायतीच्या हिशेबाचे किंवा परवानगीच्या अर्जांचे सॉफ्टवेअर लिहायचे आहे असे धरा. ‘पेसा लागू: होय’ अशी एक प्रॉपर्टी ठेवून ‘पेसा-ग्रामसभा’ हा घटक पुरवावा, असा मोह होणारच. पण ती प्रॉपर्टी कोणाला लावणार? जिल्ह्याला लावली तर पुणे जिल्ह्याचा बहुतांश भाग चुकतो. तालुक्याला लावली तर मंचरवर डोंगरातल्या गावाचे नियम बसतात, किंवा उलट डोंगरातल्या ग्रामसभेचा अधिकार पडद्यावरून नाहीसा होतो. ग्रामपंचायतीला लावून तरी भागेल असे वाटते, पण गट ग्रामपंचायतीत काही गावे अनुसूचित क्षेत्रात आणि काही बाहेर अशीही स्थिती असते. सरकारी कागदांत त्यांना अंशतः पेसा ग्रामपंचायत म्हणतात. शेवटी अट गावापर्यंत आणावी लागते आणि नियमांनी वाडीला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करण्याची वाट दिलेली असल्याने ही यादी उद्या बदलू शकते.

जमिनीच्या व्यवहारात तर अटीचे दोन वेगळे धागे आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ३६-अ ने आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर बंधन घातले आहे. हे बंधन खातेदार कोण आहे यावर अवलंबून आहे. जमीन मंचरजवळ आहे की भीमाशंकरच्या पायथ्याशी, याने ते सुटत नाही. जमीन अनुसूचित क्षेत्रात असेल तर ग्रामसभेची भूमिका त्याच्यावर आणखी येते. व्यक्तीची अट वेगळी, क्षेत्राची अट वेगळी, आणि एका अर्जावर दोन्ही एकदम लागू शकतात. ‘आदिवासी-तालुका’ नावाच्या एका चालू-बंद प्रॉपर्टीत हे दोन धागे गुंडाळणारा प्रोग्रॅमर कोडची एक ओळ वाचवतो आणि कायदा मोडतो.

तिसरी गाठ तारखेची. जुन्नर वनविभागाचे नाव आज राज्यभर बिबट्यामुळे घेतले जाते. उसाच्या फडांत बिबट्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती झाली आहे आणि जुन्नरजवळ माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र चालते. हल्ल्यात माणूस दगावला तर कुटुंबाला मिळणारी मदत शासन निर्णयाने ठरते आणि ती गेल्या काही वर्षांत १५ लाखांवरून २०२२ मध्ये २० लाख आणि २०२३ मध्ये २५ लाख रुपये झाली. रक्कम कॉन्फिगरेशनमध्ये ठेवावी, नवा निर्णय आला की बदलावी, हे प्रथमदर्शनी शहाणपणाचे वाटते. पण घटना जुन्या दराच्या काळातली आणि अर्जावरचा निर्णय नव्या दराच्या काळातला असेल तेव्हा काय? कोणता दर द्यायचा हे शासन निर्णयातल्या तारखेवरून ठरायला हवे. सशर्त इंजेक्शनमध्ये ते ठरेल सर्व्हर कोणत्या दिवशी पुन्हा सुरू केला यावरून. घरातले माणूस गमावलेल्या कुटुंबाच्या बाबतीत असा अपघाती निकाल कोणालाही मान्य होणार नाही.

यावर एक उत्तर हमखास येते: मग साधे ‘जर-तर’ लिहा, कंटेनरच्या भानगडीत पडूच नका. दोनच पर्याय असतील आणि ते कधी वाढणार नसतील तर हे उत्तर बरोबर आहे; तिथे साधा कोड सर्वांत वाचनीय असतो. पण गावे, खातेदार, शेतमाल आणि तारखा यांची सरमिसळ झाली की ‘जर-तर’च्या पायऱ्या इतक्या खोल जातात की लिहिणाऱ्यालाही सहा महिन्यांनी त्या उलगडत नाहीत. दुसरे टोक म्हणजे ड्रूल्ससारखे रूल इंजिन. ते ताकदवान आहे, पण त्याची वेगळी भाषा जाणणारा माणूस कायम पदरी ठेवावा लागतो, आणि बाजार समितीच्या किंवा तालुक्याच्या कामाला तेवढा भार झेपणार नाही.

मधली वाट डिपेंडन्सी इंजेक्शनमध्येच आहे आणि ती पुरेशी वापरली जात नाही. स्प्रिंगच्या कंटेनरकडे एका इंटरफेसचे सगळे घटक एकदम मागता येतात. तो ते यादी म्हणून देतो, किंवा नावासह ‘मॅप’मध्ये देतो. म्हणजे नियमांचे सगळे घटक सदैव हजर ठेवायचे, एकालाही सुरुवातीच्या अटीने वगळायचे नाही. अर्ज आला की त्याचा गावकोड, खातेदाराचा प्रकार, शेतमाल आणि घटनेची तारीख हातात घ्यायची आणि डेटाबेसमधल्या कोष्टकात पाहायचे: या तारखेला, या गावासाठी, कोणता नियम? कोष्टकाच्या प्रत्येक ओळीला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा तारखा हव्यात आणि ज्या शासन निर्णयातून ती ओळ आली त्याचा क्रमांक हवा. एका अर्जाला एकही नियम लागू झाला नाही किंवा दोन लागू झाले, तर सॉफ्टवेअरने अंदाज बांधू नये. अर्ज थांबवावा आणि कारण दाखवावे. यात काही अवघड नाही, काही दिवसांचे काम आहे. अवघड आहे ते एवढे मान्य करणे की गावाचा कायदेशीर दर्जा हा सॉफ्टवेअरच्या रचनेचा तपशील नसून नोंदवून ठेवण्याची माहिती आहे.

सुरुवातीला तपासल्या जाणाऱ्या अटीला म्हणून मोडीत काढायचे कारण नाही. तिची जागा कोणती, हे खोडदने दाखवून दिले आहे. दुर्बिणीचे उन्नतीकरण चालू असताना ३२ मेगाहर्ट्झ रुंदीची जुनी संगणकीय प्रणाली आणि ४०० मेगाहर्ट्झपर्यंतची नवी प्रणाली शेजारीशेजारी चालत होत्या. संशोधकांची निरीक्षणे जुन्यावर होत असतानाच नवे उभे राहिले. कोणता पट्टा, कोणती प्रणाली हे निरीक्षणाआधी ठरते, निरीक्षण संपेपर्यंत बदलत नाही, आणि वारंवारितेची नोंद डेटाबरोबरच जाते. १८ महिन्यांनी तो डेटा इतरांसाठी खुला होतो, तेव्हा जगात कुठेही बसलेला दुसरा संशोधक ती नोंद वाचून कामाला लागू शकतो. निवड आधी झाली, पण ती लपली नाही. जावाच्या दुनियेत याला समांतर सोय आहे आणि ती मोफत आहे: स्प्रिंग बूट ‘डीबग’ पर्यायाने सुरू केले तर कोणत्या अटी जुळल्या, कोणत्या फसल्या आणि का, याचा सविस्तर अहवाल ते छापते. अ‍ॅक्च्युएटर हा स्प्रिंग बूटचा देखरेखीचा भाग जोडला असेल तर चालू सर्व्हरलाही तेच विचारता येते. हा अहवाल प्रत्येक वेळी साठवून ठेवला तर महिन्यांनंतरही सांगता येईल की त्या दिवशी कोणता घटक कामावर होता.

तो न ठेवण्याची किंमत किती असू शकते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. नाइट कॅपिटल ही शेअर बाजारात संगणकाने सौदे करणारी कंपनी. १ ऑगस्ट २०१२ रोजी तिने नव्या सुविधेसाठी एक जुना फ्लॅग पुन्हा वापरात आणला. हा फ्लॅग पूर्वी ‘पॉवर पेग’ नावाच्या कोडसाठी होता. त्याचा वापर २००३ मध्येच थांबला होता, पण कोड काढून टाकलेला नव्हता. आठपैकी सात सर्व्हरवर नवा कोड गेला, एक राहून गेला. सकाळी फ्लॅग चालू झाला आणि त्या आठव्या सर्व्हरवर जुना कोड जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. अट बरोबर होती, किंमत बरोबर होती. त्या अटीमागे प्रत्येक सर्व्हरवर नेमके काय उभे आहे हे कोणी पाहिले नव्हते. मुदत संपलेली अट कोडमधून काढून टाकणे हे ती लिहिण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे, आणि निविदेत त्याचे पैसे कोणी धरत नाही म्हणून ते होत नाही.

चाचणीचाही हिशेब लक्षात घ्यावा. चालू-बंद होणाऱ्या दहा अटी असतील तर त्यांच्या १,०२४ जोड्या होतात. कोणतीही टीम त्या सगळ्या तपासत नाही. प्रत्यक्ष वापरात असलेली जोडी तेवढी तपासली जाते, तीही नेहमी नाही. शिवाय एकच प्रॉपर्टी चार ठिकाणी लिहिता येते: जार फाइलच्या आत, बाहेरच्या फाइलमध्ये, सर्व्हरच्या पर्यावरणात आणि सुरू करण्याच्या आज्ञेत. यांत आज्ञेतली किंमत पर्यावरणातल्या किमतीवर मात करते, पर्यावरणातली बाहेरच्या फाइलवर आणि बाहेरची आतल्या फाइलवर. देखभाल करणाऱ्याने फाइलमध्ये बदल केला आणि परिणाम झाला नाही, की तो प्रोग्रॅमरकडे बोट दाखवतो, प्रोग्रॅमर सर्व्हरकडे. कोडचा बदल आज बहुतेक टीममध्ये दुसऱ्या माणसाच्या नजरेखालून जातो, त्याचा इतिहास राहतो. कॉन्फिगरेशनचा बदल मात्र रात्री कोणीतरी एकटाच सर्व्हरवर जाऊन करू शकतो. कोड न बदलता वागणूक बदलते, हा या तंत्राचा गुण म्हणून सांगितला जातो. नागरिकाच्या हक्काच्या बाबतीत तोच दोष आहे, कारण त्या बदलाला साक्षीदार नसतो.

जुन्नर-आंबेगावातला अर्जदार यातले काहीच पाहत नाही. त्याला दिसतो तो ‘अर्ज नामंजूर’ किंवा ‘पात्र नाही’ असा शेरा आणि खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याचे ‘सिस्टीम घेत नाही’ हे उत्तर. कर्मचारीही खोटे बोलत नसतो. कोणती अट फसली हे त्याच्या पडद्यावरही येत नाही. अर्जदार मग तालुक्याला जातो, तालुका जिल्ह्याकडे पाठवतो आणि जिल्ह्यातले लोक सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीला पत्र लिहितात. डोंगरातून घोडेगावला किंवा जुन्नरला येण्यात ज्याची दिवसाची मजुरी बुडते, त्याला या साखळीचा भुर्दंड सर्वांत जास्त बसतो. शेऱ्याखाली ‘गावकोड अमुक, लागू नियम अमुक, अमुक तारखेपासून’ एवढी एक ओळ छापली, तर निम्म्या फेऱ्या वाचतील, आणि नोंद चुकीची असेल तर ग्रामसभाच ती हाताला धरून दाखवून देईल. कोणते गाव अनुसूचित क्षेत्रात आहे हे त्या गावातल्या लोकांना कोणत्याही सर्व्हरपेक्षा चांगले ठाऊक असते.

म्हणून पुण्यातल्या प्रोग्रॅमरांना विनंती आहे की कॉन्फिगरेशनमध्ये नवी अट लिहिण्याआधी ती सर्व्हरबद्दल आहे की माणसाबद्दल, हे एकदा विचारावे. माणसाबद्दल असेल तर ती तारखेसह कोष्टकात न्यावी. आणि बाजार समित्या, पंचायत समित्या व तहसील कार्यालये यांनी पुढची निविदा काढताना तीत ठळकपणे लिहावे की प्रत्येक निर्णयाच्या कागदावर लागू झालेला नियम, त्याचा शासन निर्णय क्रमांक आणि त्याची तारीख मराठीत छापून आली पाहिजे. जे सॉफ्टवेअर हे छापू शकत नाही, ते ताब्यात घेऊ नये.